सात घरं, आठ भिंती: आपल्या ओळीच्या सर्व वारसांना खुलं पत्र

जुन्या कापड ओळीतल्या सातही घरांचे मालक, वारस, ओळीतून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या बहिणी आणि खालच्या दुकानांत दोन-दोन पिढ्या बसलेले भाडेकरू यांना सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या रात्री तिसऱ्या घराची मागची भिंत बसली. घर बंद होतं म्हणून कोणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन निघाली, तेव्हा नगरपरिषदेच्या माणसांनी ओळीच्या दोन्ही तोंडांना दोऱ्या बांधल्या होत्या. पोरं मागच्या बोळीतून गेली. आपल्या ओट्यावर बैलांना ओवाळायला कोणी नाही, असा माझ्या आठवणीतला तो पहिलाच पोळा.

त्यानंतर आठच दिवसांत दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या घराला नोटिसा लागल्या. पुण्यात, नागपुरात, सुरतेत राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींचे मला फोन आले. प्रत्येकाचं म्हणणं एकच: ‘ताई, पाडून टाकायला सांगतात म्हणे. मग एकदाचं विकूनच टाकू.’ एक बिल्डर सगळ्यांना वेगवेगळा भेटतो आहे, हेही कळलं. तो त्याचा धंदा करतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण तुम्ही सही करण्याआधी मला जे सांगायचं आहे ते सगळ्यांना एकाच वेळी कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी नोटीस. ती महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खालची आहे. मी तिन्ही नोटिसा वाचल्या. धोकादायक भाग उतरवा, त्याला आधार द्या किंवा दुरुस्त करा, असं त्यांत लिहिलं आहे. आपण सगळ्यांनी त्यातला पहिलाच शब्द वाचला. पुढचे दोन शब्दही कायद्याचेच आहेत आणि त्यांवर आपल्याला काम करता येतं. मात्र मुदत खरी आहे, ती टाळता येणार नाही.

आता घरांबद्दल. मी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली. पूल केले, शाळा केल्या, तहसील कचेऱ्या केल्या. निवृत्त होऊन परत आल्यावर, पाचव्या घराची लेक म्हणून, मी पहिल्यांदा टेप घेऊन ही ओळ मोजली. सात घरांची मिळून रुंदी शहात्तर फूट, खोली अडुसष्ट. सगळ्यांत अरुंद सहावं घर, बाहेरून नऊ फूट. सगळ्यांत रुंद पहिलं, तेरा. इतकी चिंचोळी घरं कोणी हौसेने बांधत नाही. कापसाच्या पैशाची ही घरं आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला, पाठोपाठ रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा गेला. बाजाराच्या रस्त्यावर प्रत्येक व्यापाऱ्याला दुकानाचं तोंड हवं होतं. म्हणून तोंड लहान आणि घर खोल. रुंदीला दुसरी मर्यादा होती सागाची. दोन भिंतींवर टाकलेली तुळई जेवढी पेलेल, तेवढंच घर रुंद.

त्या तुळया दोन्ही टोकांना ज्या भिंतींवर टेकल्या आहेत, त्या भिंती सामाईक आहेत. सात घरांना चौदा भिंती नाहीत, आठच आहेत. अब्बासभाई असोत की अण्णा, ज्या कोणाच्या पणजोबांनी आधी भिंत बांधली, शेजाऱ्याने तिच्यावरच आपल्या तुळया टाकल्या आणि अर्धा खर्च दिला. आपली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, असं मी म्हटलं तर ते बोलण्यापुरतं नाही. मधलं एक काढलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाच अंगाने भार येतो आणि त्या मोकळ्या बाजूला पोट काढतात. जुन्या मिस्त्रीला मी परवा सोबत नेलं होतं. त्याने सहाव्या घराच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, “बाई, इथली एक इट काढली तं तीन घरं बोलतात.”

हे मला बारा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं असं नाही, आणि इथेच मला माझी चूक सांगितली पाहिजे. चौथं घर पाडून तिथे तीन मजली काँक्रीटचं घर झालं तेव्हा मी यवतमाळकडे कामावर होते. भावाने फोन करून विचारलं की शेजारी पाया खूप खोल खोदताहेत, आपण काही बोलायचं का. मी म्हणाले, त्यांची जागा आहे, त्यांना करू दे. जुन्या भिंतींचा पाया चार फुटांवर आणि त्याला लागून सात फुटांचा खड्डा, तोही पावसाळ्याच्या तोंडावर. एक दिवस सुट्टी टाकून येऊन मी सांगायला हवं होतं की खड्डा तुकड्यातुकड्याने खोदा, शेजारच्या भिंतीला आधी टेके द्या. मी आले नाही. नव्या गच्चीच्या पाण्याचा पाइपही तिसऱ्या घराच्या मागच्या अंगाला सोडला गेला. बारा पावसाळे ते पाणी त्या भिंतीच्या पायात मुरलं. पोळ्याला बसलेली भिंत ती हीच. चौथ्या घरच्या दादांना आणि वहिनींना मी दोष देत नाही. त्यांना सांगू शकणारी माणूस ओळीत मीच होते.

तर मग आता एकेकाने आपापलं पाडून बांधलं तर काय होईल, ते मी कागदावर मांडून पाहिलं. नऊ फुटांच्या घरात दोन्ही बाजूंना स्वतःचे कॉलम आणि विटांची भिंत घेतली की आत साडेसात फूट उरतात. माणसांना सुखाने चढता येईल असा उलटून येणारा जिना साडेसात फूट रुंदीच खातो, म्हणजे तो घराचे दोन तुकडे करतो. समोरच्या खोलीतून मागे जायचं तर जिन्याखालून वाकून. प्रत्येक मजल्यावर असा एकेक जिना साधारण शंभर चौरस फूट घेतो. सहा घरांचे सहा जिने, म्हणजे मजल्याला सहाशे चौरस फूट नुसत्या पायऱ्या. शिवाय सहा टाक्या, सहा मोऱ्या, आणि मधल्या खोल्यांना जन्मभर दिव्याचा उजेड.

आणि बिल्डरने सगळं पाडून एक कॉम्प्लेक्स केलं तर? गाळे निघतील, वर फ्लॅट निघतील. तुमच्या हिश्शाला एखादा गाळा किंवा रोख रक्कम येईल. पण आपल्या तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावरचे किती गाळे चालतात, ते येता-जाता बघा. खाली शटर, वर शटर आणि रात्री आठनंतर अख्खी इमारत काळोखात. राहणारं माणूस नसलं की बाजाराचा रस्ता लवकर मरतो.

माझं मागणं तिसरं आहे. सातही घरं मिळून एक इमारत समजा. भिंती ठेवा, मालकी ज्याची त्याची ठेवा, पण जिना, पाणी, निचरा, वीज आणि छप्पर एक करा.

हे कसं होईल, ते थोडं सविस्तर सांगते, कारण फोनवर बहुतेकांना हे स्वप्नरंजन वाटलं.

किल्ली चौथ्या घरात आहे. ज्या घरामुळे ओळ दुबळी झाली, त्याच घरात तिला उभं ठेवायची ताकद आहे. ते बारा फूट रुंद आहे, त्याचा पाया खोल आहे, त्याचे कॉलम दमदार आहेत. ओळीत जे जे जड आणि ओलं आहे ते सगळं तिथे जाऊ द्या: मुख्य जिना, पाण्याच्या टाक्या, संडास-बाथरूम, मीटरची खोली, पुढेमागे पैसे झाले तर लहान लिफ्ट. जुन्या घरांत मग ओलं काही उरणार नाही, आणि जुन्या घराला पाण्याइतका मोठा शत्रू नाही. जिना चढल्यावर दोन्ही बाजूंना वरच्या मजल्यावर सामाईक भिंतींत दाराएवढी वाट पाडायची. अख्खी भिंत काढायची नाही. भिंतीतून आडव्या लोखंडी तुळया आरपार घालून वरचा भार पेलायचा, खालचं दार कापायचं, वर पक्कं लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, बसवायचं, ते पंधरा-वीस दिवस सेट होऊ द्यायचं आणि मगच पुढची भिंत. एका वेळी एकच दार. चौथ्या घराचे मजले आणि जुन्या माड्या एका पातळीत नाहीत. कुठे आठ इंच, कुठे सव्वा फुटाचा फरक आहे. तिथे दोन पायऱ्या किंवा उतार येईल. आग लागली तर दुसरी वाट हवी, म्हणून सातव्या घराच्या बोळीकडच्या अंगाला एक साधा लोखंडी जिना. सहा जिन्यांऐवजी दोन. मजल्याला वाचलेले चारशे चौरस फूट तुमचेच.

छपराबद्दल मात्र मी हळवी होणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. तो भाग तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचं माळवद, त्याखाली माणसं झोपेत गेली. आपल्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या घरावर तसंच धाबं आहे. फूटभर मातीचं वजन एका चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो भरतं, भिजली की आणखी. राहत्या घराची जमीन आपण एरवी दोनशे किलो चौरस मीटर धरून करतो. म्हणजे आपण डोक्यावर घराच्या दुपटीहून जास्त ओझं घेऊन झोपतो. ती माती उतरवलीच पाहिजे, आणि तेच पहिलं काम. तिच्या जागी सागाच्या फळ्या, त्यावर चार बोटं चुन्याचा कोबा, आणि वर हातभर मोकळी हवा सोडून पत्रा किंवा कवेलू. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी पाचव्या घराच्या मधघरात कूलरशिवाय दुपार काढता येते, ती याच जाड भिंतींमुळे आणि घरं एकमेकांना चिकटून असल्यामुळे. उन्हाला लागते ती फक्त पुढची आणि मागची भिंत. हा गारवा नव्या छपरातही टिकवायचा आहे.

त्यानंतर पायाजवळचं पाणी. मागच्या सगळ्या पन्हाळी एका बंदिस्त नालीत घ्यायच्या. लेआउटमधल्या नव्या घरांच्या भिंती दरवर्षी का तडकतात, हे तुम्ही विचारता ना? ती घरं काळीवर आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपलं गावठाण पांढरीवर आहे; आपल्या म्हाताऱ्यांनी गाव पांढरीवर आणि शेत काळीत ठेवलं ते समजूनच. पांढरी कोरडी राहिली तर या भिंती आणखी शंभर वर्षं हलणार नाहीत.

मग भिंती. पहिल्या आणि सातव्या घरात कोणीतरी चांगल्या मनाने सिमेंटची छपाई करून घेतली आहे. चुनामातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, ती आतच वर चढत राहते, खार फुटतो आणि शेवटी विटेची पुडी होते. ती छपाई खरवडून चुन्याचीच करावी लागेल. भिंतीच्या दोन पदरांमध्ये जिथे पोकळी झाली आहे, तिथे चुन्याचा पातळ रबडा भरायचा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं एकेक ठोकून पाहायची. जिथे वाळवीने खाल्लं आहे तिथे कापून लोखंडी पट्ट्यांनी नवा तुकडा जोडायचा. अख्खी तुळई बदलायची गरज मला फक्त चार ठिकाणी दिसली.

कारंज्याच्या कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे: व्यापाऱ्याने उंटावरून आलेली कस्तुरी विकत घेतली आणि घराच्या गाऱ्यात कालवली. आपल्या भिंतींत कस्तुरी नाही. पण पाचव्या घराच्या बळदाचं, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठाराचं, तोंड मी उघडलं तेव्हा आत जुन्या ज्वारीचा वास होता आणि गिलावा शिसवीसारखा चिकण. असं काम आज मजुरी देऊनही मिळत नाही.

आता त्यात काय असावं. खाली सातही दुकानं तशीच, आताच्याच भाडेकरूंकडे. पुढचे ओटे मात्र सगळ्यांनी सारखे करायचे आणि त्यावर सलग पडवी काढायची. सिंगापूर आणि पेनांगच्या जुन्या दुकानघरांना अशी पाच फुटांची सामाईक पडवी असते; सिंगापुरात तर १८२२ च्या नगर आराखड्यातच ती घातली होती. ती घरंही आपल्यासारखीच अरुंद आणि खोल, खाली दुकान आणि वर संसार. पेनांगचं जॉर्ज टाउन २००८ मध्ये जागतिक वारसा झालं, आणि सामाईक भिंतींच्या पोळांचं, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांचं, अहमदाबाद २०१७ मध्ये. आपल्याला वारशाचा फलक नको, पण उन्हापावसात गिऱ्हाईक सात दुकानं कोरडं फिरेल एवढं पुरे.

दुकानांच्या मागे, चौकाभोवती, तळमजल्यावर दोन-तीन घरं. ती म्हाताऱ्या माणसांसाठी, म्हणजे सध्या एकट्या राहणाऱ्या दुसऱ्या घरच्या काकूंसाठी आणि पहिल्या घरच्या आबांसाठी. पत्रे टाकून बंद केलेले चौक उघडायचे. उजेड तिथूनच येणार. वरच्या मजल्यावर पहिल्या तीन घरांत मुलींसाठी अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या भागातल्या मुली आज बसस्टँडमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये महिन्याला पैसे भरून बसतात, आणि अंधार पडायच्या आत शेवटची एसटी पकडतात. टेबल-खुर्च्यांचा भार जुन्या कडीपाटाला, म्हणजे लाकडी तक्तपोशीला, झेपेल. पुस्तकांची भरलेली कपाटं आणि दुकानाचा माल मात्र वर चढवायचा नाही, तो खालीच. पाचव्या ते सातव्या घराच्या माड्यांवर नोकरीसाठी बाहेरून आलेल्या बायांच्या खोल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सबाई, शाळेतल्या शिक्षिका, बँकेतल्या मुली खोली शोधत फिरतात आणि ‘एकटी बाई’ म्हणून परत पाठवल्या जातात. त्यांचं भाडं दरमहा येणारं आहे. आणि अटारीवर प्रत्येक घराची एकेक खोली वारसांची, दिवाळीत येऊन राहायला.

यात सगळ्यांत अवघड काम चुन्याचं नाही, कागदाचं आहे. मी भूमापन कार्यालयातून सातही मिळकतींच्या पत्रिका काढल्या. पाच पत्रिकांवर अजून आजोबांची नावं आहेत. एकावर पणजोबांचं. दोन जागा नझूलच्या, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेल्या, आहेत आणि त्यांचे पट्टे संपलेले आहेत. म्हणून ना कर्ज मिळतं, ना परवानगी. घरं पावसाने पडताहेत असं आपण म्हणतो, पण दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला जिवंत मालकच नाही, हे त्याआधीचं कारण आहे.

आणि फेरफार करताना बहिणींना वगळू नका. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. ज्या बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायचा विचार चालला आहे, त्यांना आधी बैठकीला बोलवा. माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्यांनी भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागदावर सही केली आणि पुन्हा कधी माहेरची पायरी चढल्या नाहीत. आपल्या ओळीत हे नको. सासरी गेलेली लेक या घराची वारस आहे, तिला पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या.

भाडेकरू काका-दादांनो, तुम्ही घाबरला आहात ते मला माहीत आहे. जुनं भाडं, पावत्या नाहीत, आणि दुरुस्तीच्या नावाने बाहेर काढलं तर परत कोण घेणार? भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत जागा देण्याची तरतूद आहे, पण तुम्ही तेवढ्यावर विसंबू नका. प्रत्येकाशी लेखी, नोंदवलेला करार आधी, कुदळ नंतर. भाडं वाढेल, हे मी आजच सांगते. ते किती आणि कसं, ते तुमच्यासमोर बसून ठरेल. काम एका वेळी दोनच घरांत चालेल, त्यामुळे कोणालाही दुकान पूर्ण बंद ठेवावं लागणार नाही. ज्याचं काम चालू त्याने तेवढे महिने शेजारच्या ओट्यावर बसावं.

मालकी वेगळी ठेवून सामाईक भाग एकत्र सांभाळायला सहकारी संस्था किंवा अपार्टमेंट कायद्याखालची घोषणा, असे दोन रस्ते आहेत. परवानगी डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीखाली घ्यावी लागेल. तिच्यात जुन्या दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत. मी स्थापत्याची माणूस, वकील नाही. दोन वकिलांना विचारलं आहे आणि दोघांचंही मत बैठकीत ठेवीन. खर्चाचा अंदाजही घरागणिक वेगळा काढून ठेवला आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाचव्या घराच्या ओसरीवर बसू. त्या दिवशी भाऊ-बहिणी दोघंही गावात असतात. येताना आजोबा-आजींचे मृत्यू दाखले, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि सगळ्या भावंडांची नावं-पत्ते आणा. नझूलचा पट्टा कोणाच्या ट्रंकेत असेल तर तो नक्की. चौथ्या घरच्या दादा-वहिनींना बोलवायला मी स्वतः येणार आहे.

नगरपरिषदेत मी आधार देण्याच्या कामासाठी मुदतीचा अर्ज दिला आहे. दुसऱ्या आणि सहाव्या घराला सागाचे आणि लोखंडी टेके या आठवड्यात लागतील. तो खर्च मी केला आहे, त्याचा हिशोब नंतर करू. तिसऱ्या घराला मात्र आत जाता येत नाही. पुढच्या दाराला कुलूप आहे आणि मागून ढिगाऱ्यातून जाणं धोक्याचं आहे. दुसऱ्या घराला लागून असलेली भिंत आतून कशी आहे, ते पाहिल्याशिवाय टेके कुठे लावायचे ते ठरत नाही. त्या कुलपाची चावी सुरतेला आहे की अमरावतीच्या आत्याकडे, ज्यांना माहीत असेल त्यांनी मला आजच कळवावं.

तुमची,
पाचव्या घरची लेक